टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजीला पुण्यात नवं नाक मिळालं, त्यातला पंचवीस दिवसांचा हिशेब आजही चालतो

दाताचं इम्प्लांट करायला गेलेल्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते. स्क्रू बसवून झाला, टाके निघाले, दुखायचंही थांबलं, तरी डॉक्टर दात काही बसवत नाहीत. हिरडी नीट भरू द्या, मग माप घेऊ, असं सांगून परत पाठवतात. भोरजवळच्या उत्रोलीहून पुण्यातल्या दवाखान्यात यायचं म्हणजे आधी भोर, मग कापूरहोळ, मग हायवे. एका हेलपाट्यात दिवस जातो आणि कामाचा खाडा पडतो तो वेगळाच. अशा वेळी वाटणारच, की आज आलोच आहोत तर माप घेऊन मोकळे व्हा की.

या थांबण्यामागचं कारण समजून घ्यायचं असेल, तर पुण्याजवळच घडलेली एक गोष्ट कामी येते. गोष्ट दाताची नाही, नाकाची आहे. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली तिला. ज्याच्यावर ती बेतली तो कुणी सरदार नव्हता की राजा नव्हता, लष्कराचे बैल हाकणारा साधा माणूस होता. त्याचं नाव कावसजी. आज प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगणारं कुठलंही पुस्तक उघडलं, तर त्यात बहुतेक वेळा त्याचं चित्र सापडतं.

कोण होता कावसजी?

कावसजी नाव ऐकलं की आपल्याला पारशी माणूस आठवतो. पण त्याची जी नोंद इंग्रजीत छापली गेली, तिच्यात तो शेतकरी जातीतला मराठा असल्याचं लिहिलंय. इंग्रजांच्या सैन्यात तो बैल हाकायचा.

तेव्हा हे काम किती मोलाचं होतं हे समजायला त्या काळच्या लढाया डोळ्यासमोर आणायला हव्यात. धान्य, दारूगोळा, तंबू, तोफा सगळं बैलांच्या जिवावर चालायचं. बैल थांबले की फौज थांबली. त्यामुळे बैल हाकणाऱ्याच्या हातात तलवार नसली, तरी शत्रूच्या नजरेत तो असायचाच.

१७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाविरुद्ध तिसरं म्हैसूर युद्ध झालं. एका बाजूला टिपू आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज, मराठे आणि निजाम एकत्र. मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणमचा तह होऊन हे युद्ध संपलं. टिपूने अर्धं राज्य गमावलं. कावसजीचं त्याहून वाईट झालं. तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापून टाकण्यात आला.

त्या अवस्थेत तो श्रीरंगपट्टणमजवळ असलेल्या मुंबईच्या फौजेत येऊन मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पेन्शन लावली.

वर्षभर बिननाकाचा

मराठीत नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं. ही म्हण उगाच आलेली नाही. नाक कापणं ही त्या काळात खरोखरची शिक्षा होती. चोरी, व्यभिचार, फितुरी, अशा कारणांसाठी ती दिली जायची. त्यामुळे बिननाकाचा माणूस दिसला की लोक आधी त्याचा गुन्हा काय असेल याचा विचार करायचे. कावसजीचा गुन्हा एवढाच, की तो दुसऱ्या बाजूचे बैल हाकत होता.

हात गेला तो गेलाच, त्याला कुणाकडेच इलाज नव्हता. नाकासाठी मात्र होता.

बारा महिन्यांहून जास्त काळ कावसजी बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. तो बहुधा कुंभार असावा. कावसजीचं चित्र जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलं गेलं. म्हणजे ही शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्चच्या सुमारास झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कावसजीचं हे वर्षभराचं थांबणं कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पण त्याचा एक फायदा झाला. ताजी जखम सुजलेली असते, मग ती आक्रसते, मग व्रण तयार होतो आणि तोही काही महिने बदलत राहतो. वर्षभरात कावसजीच्या नाकाचा उरलेला भाग पूर्ण भरून आला होता आणि त्याचा आकार आता बदलणार नव्हता. आणि मग त्या कारागिराने माप घेतलं.

आधी मेणाचं नाक

हे माप कसं घेतलं जायचं ते मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं होतं. त्यामुळे पायरी न् पायरी नोंदली गेली.

पहिल्यांदा मेणाची पातळ पट्टी घेऊन ती उरलेल्या नाकावर बसवायची आणि तिला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. म्हणजे आधी मेणाचं नाक तयार. मग ती पट्टी काढून सपाट करायची आणि रुग्णाच्या कपाळावर ठेवायची. तिच्या कडेने रेघ मारली, की नवं नाक करायला नेमकी किती कातडी लागेल ते कळलं. शिंपी कागदावर कापणी करून मग कापडाला कात्री लावतो, तसंच हे.

मग त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवून घ्यायची. पण पूर्ण नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. सगळी मेख या पट्टीत होती. कपाळावरून उचललेल्या कातडीला रक्त मिळायचं ते याच पट्टीतून. ती तुटली असती तर कातडी काळी पडून मेली असती.

त्यानंतर नाकाच्या उरलेल्या भागावरचा जुना व्रण खरवडून काढायचा. एवढं भरून आलेलं पुन्हा ओलं का करायचं? कारण बऱ्या झालेल्या कातडीला दुसरी कातडी चिकटत नाही. दोन्ही बाजू ताज्या असल्या तरच सांधा जुळतो. झाडाची कलम करताना दोन्ही फांद्यांची साल काढावी लागते, तसंच. त्या ओल्या भागाच्या मागे, नाकपुड्यांच्या कडेने आणि वरच्या ओठावरून एक चीर घ्यायची. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची.

हे सगळं भूल न देता चाललेलं असायचं, हे विसरू नका. भूल देण्यासाठी ईथरचा जाहीर वापर झाला तो १८४६ साली, म्हणजे अर्ध्या शतकानंतर.

कात, तूप आणि पंचवीस दिवस

इथपर्यंत झालं कापणं आणि जोडणं. पण या नोंदीतला सगळ्यात भारी भाग यानंतर येतो. यानंतर काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी करायचं, याचं अख्खं वेळापत्रक त्यात आहे.

पहिले चार दिवस फक्त कात. होय, पानात घालतात तोच. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा घट्ट धरून ठेवायचा. कातात टॅनिन असतं. ते ऊती आक्रसवतं, झिरपणारं रक्त थांबवतं, आणि वाळलं की पट्टी कडक होते. म्हणजे औषध आणि प्लास्टर एकातच. गंमत म्हणजे खैराचा हाच अर्क आपल्याकडच्या दंतमंजनांत आणि तोंडाच्या औषधांत पिढ्यानपिढ्या वापरला गेलाय, तोही हिरडीसाठीच.

चार दिवसांनी कात काढायचा आणि तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. तुपामुळे कापड जखमेला चिकटत नाही आणि जखम कोरडी पडत नाही. ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते हे आधुनिक वैद्यकात जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली प्रयोगाने दाखवलं. (याचा अर्थ आज कुणी टाक्यांवर कात किंवा तूप लावावं असा नाही. आज त्याहून स्वच्छ आणि चांगली साधनं आहेत.)

पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या, म्हणजे भरून येताना भोकं बुजणार नाहीत.

आणि भुवयांमधली ती जोडलेली पट्टी? ती कापायची पंचविसाव्या दिवसाच्या आसपास. तोवर खालच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या तयार होऊन नवं नाक स्वतःच्या रक्तावर जगायला लागलेलं असतं. मग पट्टी कापायची, थोडी कापाकापी करून आकार नीट करायचा, आणि काम संपलं.

आता यातली खरी कमाल बघा. नाकाचा कॅन्सर काढल्यावर आजही कपाळाच्या कातडीने नाक उभं करतात. ती जोडपट्टी आजचे सर्जन कधी कापतात? साधारण तीन आठवड्यांनी. मधल्या काळात सूक्ष्मदर्शक आले, अँटिबायोटिक आली, भूल आली. पण कातडीला नव्या जागी मूळ धरायला लागणारा वेळ काही फारसा बदलला नाही.

हे सगळं दाताला कसं लागू होतं?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण हाडाला इतकं घट्ट चिकटलेलं आढळलं, की ते काढता येईना. त्यातून ही कल्पना निघाली. १९६५ साली गोथेनबर्गमध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ ते टिकले.

ब्रोनमार्क यांच्या मूळ पद्धतीत स्क्रू बसवून वर हिरडी शिवून टाकायची आणि खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचं. हा झाला हाडाचा वेळ. त्यानंतर हिरडीचा वेळ सुरू होतो, आणि रुग्णांची चिडचिड होते ती बहुतेक वेळा इथेच.

हाडाने स्क्रू धरला की डॉक्टर हिरडी थोडी उघडून त्यावर एक छोटी टोपी बसवतात. तिला हीलिंग कॅप म्हणतात. काही वेळा ती पहिल्याच दिवशी बसवलेली असते. तिचं काम काय? कावसजीच्या नाकपुडीतल्या वातीचं जे काम होतं तेच. हिरडी भरून येताना भोक बुजू द्यायचं नाही आणि त्याला गोल, नीट आकार द्यायचा. या टोपीभोवती हिरडीची एक कॉलर तयार होते. उद्या दात बाहेर येणार तो याच कॉलरमधून.

आता समजा ही कॉलर तयार व्हायच्या आधीच माप घेतलं. तेव्हा हिरडी सुजलेली असते, म्हणजे तिची कड खऱ्या जागेपेक्षा वर असते. त्या मापावर लॅबमध्ये दात बनतो. पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरते, हिरडी खाली सरकते, आणि दाताच्या मुळाशी धातूची करडी रेघ दिसायला लागते किंवा दोन दातांमध्ये काळी फट राहते. मागच्या दाढेला हे कदाचित खपून जाईल. समोरच्या दाताला हसताना रोज दिसेल.

दुसरी अडचण रक्ताची. कच्ची हिरडी हात लागला की रक्त सोडते, आणि ओल्या जागी मापाचा मसाला कड नीट उचलत नाही. काही दवाखान्यांत आता मसाल्याऐवजी स्कॅनरने माप घेतात. पण स्कॅनरही समोर जे आहे तेच टिपतो. हिरडी सुजलेली असेल तर तो सुजलेली हिरडीच अचूक टिपणार.

तिसरं कारण थोडं खोलातलं आहे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू थेट घुसलेले असतात. इम्प्लांटभोवती ते तसे घुसत नाहीत, स्क्रूला समांतर किंवा गोल फिरून बसतात. म्हणजे ही पकड मुळातच नाजूक. ती पक्की व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी टोपी पुन्हापुन्हा काढून-घालून माप घेत बसलं, तर दरवेळी ती पकड सुटते.

म्हणून बरेच डॉक्टर टोपी बसवल्यावर दोन ते सहा आठवडे थांबतात, समोरच्या दातांसाठी त्याहून जास्त. कधी आधी तात्पुरता दात बसवून हिरडीला आकार देतात आणि पक्कं माप नंतर घेतात. एका दिवसात दात अशी जाहिरात दिसते तेव्हाही पहिल्या दिवशी मिळतो तो बहुतेक वेळा तात्पुरता दात असतो. बिडी-सिगारेट चालू असेल किंवा साखर ताब्यात नसेल, तर हिरडी भरायला आणखी वेळ लागतो.

पुण्याजवळचं नाक लंडनला कसं पोचलं?

कावसजीचं नाक झालं तेव्हा शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे होते आणि कारभार नाना फडणवीस बघत होते. पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता चार्ल्स मॅलेट. त्याच्याच ओळखीने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची जी प्रसिद्ध चित्रं आपण पाहतो ती याच वेल्सची.

पेशव्यांचं चित्र काढणाऱ्या या माणसाने बैल हाकणाऱ्या कावसजीचंही चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्यावरून केलेलं चित्र आणि शस्त्रक्रियेची माहिती छापून आली. पत्राखाली फक्त बी. एल. अशी आद्याक्षरं होती.

युरोपला नाक जोडणं अगदीच नवं नव्हतं. १५९७ साली इटलीत तालियाकोत्सी याने दंडाच्या कातडीने नाक करण्याची पद्धत छापली होती. पण त्यात हात कित्येक दिवस चेहऱ्याला बांधून ठेवावा लागायचा, आणि पुढे ती मागे पडली. कपाळाची कातडी वापरायची ही रीत त्यांच्यासाठी नवी होती.

जोसेफ कार्प्यू नावाच्या लंडनच्या सर्जनने ती मनावर घेतली. भारतातून परतलेल्या लोकांकडे चौकश्या केल्या, मृतदेहांवर सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, म्हणजे बातमी छापून आल्यावर बरोबर वीस वर्षांनी, त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. दुसरा रुग्णही अधिकारीच होता, अल्बुएराच्या लढाईत जखमी झालेला. १८१६ मध्ये कार्प्यूने या दोन्ही शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिलं. १८१८ मध्ये जर्मनीत ग्रेफेने आपलं पुस्तक काढलं आणि भारतीय पद्धत युरोपभर गेली.

फॉरवर्डमध्ये जे फिरतं त्याचं काय?

नाकाच्या शस्त्रक्रियेवर एक मेसेज नेहमी फिरतो. त्यात हैदर अलीने एका इंग्रज कर्नलचं नाक कापल्याची आणि ते बेळगावात जोडून दिल्याची गोष्ट असते. कावसजीच्या गोष्टीला जशी त्याच काळात छापलेली नोंद, तारीख आणि चित्र आहे, तसा आधार त्या मेसेजसोबत कधी येत नाही. रुग्ण कर्नल असला की गोष्ट मोठी वाटते, एवढंच. खरा रुग्ण मात्र आपल्याकडचा बैल हाकणारा होता.

सुश्रुताबद्दलही थोडं नीट सांगायला हवं. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची पद्धत आहे हे खरंच. त्यात झाडाच्या पानाने नाकाचं माप घ्यायला सांगितलंय, आणि नव्या नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून आत नळ्या बसवायलाही. पण त्यात कातडी घेतली जाते गालाची. कपाळाची रीत नंतरची. ती कुटुंबांमध्ये हातातून हातात गेली. आपल्याकडे पुण्याजवळच्या कारागिरांकडे, तिकडे हिमाचलात कांगड्याच्या घराण्यांकडे. पान जाऊन मेण आलं, गाल जाऊन कपाळ आलं. माप घेणं आणि भोक उघडं ठेवणं या दोन गोष्टी मात्र तशाच राहिल्या.

नाव कुणाचं राहिलं?

ब्रोनमार्क यांचं नाव दातांच्या प्रत्येक पुस्तकात आहे. कार्प्यूच्या नावाने शस्त्रक्रिया ओळखली गेली. क्रूसो आणि फिंडले यांनी फक्त पाहिलं, तरी त्यांची नावं छापली गेली. जंटलमन्स मॅगझिनच्या त्या पानावर ज्याचं नाव नाही तो एकच माणूस आहे, ज्याने ते नाक केलं. त्याची फक्त जात लिहिलीय, आणि गाव पुण्याजवळ.

त्याच्या हातात चाकू होता, मेण होतं, कात होता. पण चाकू कुणाकडेही असतो. चौथ्या दिवशी कात काढायचा, दहाव्या दिवशी वात घालायची आणि पंचविसाव्या दिवसाआधी ती पट्टी तोडायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. रुग्णाने कितीही घाई केली असती, तरी विसाव्या दिवशी त्याने ती कापली नसती. त्याच हिशेबावर कावसजीचं नाक टिकलं, आणि दहा महिन्यांनी तो चित्रकारासमोर चेहरा न झाकता बसला.